क्लॅम्प मीटर शून्य दाखवतोय, मग स्टार्टर उघडू का?

तुमचा प्रश्न असा आहे की बोअरवर ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे, स्टार्टर दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप होतोय, म्हणून नवीन क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा मिटून करंट मोजायचा मीटर) घेतला, तो बोअरकडे जाणाऱ्या चपट्या काळ्या केबलला लावला तर मोटर चालू असताना पण ०.० दाखवतोय. मग विचारलंय की मीटर खराब निघाला का, आणि शून्यच दाखवतोय तर मेन न पाडता स्टार्टरमधली ढिली वाटणारी वायर आवळून घेतली तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर, मीटर बहुतेक चांगलाच आहे, लावायची जागा चुकली आहे. दुसऱ्याचं उत्तर, नाही, अजिबात नाही, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या पेटीला हात लावू नका. मी परवानाधारक वायरमन आहे, मोटर रिवाइंडिंग आणि पंपाच्या पॅनेलचंच काम बरीच वर्षं करतोय, आणि क्लॅम्प मीटर स्वस्त झाल्यापासून हा गैरसमज फार बघतोय. ट्रिपिंगचं नंतर बघू, आधी या शून्याचं बघू कारण जीवाशी संबंध त्याचा आहे.

क्लॅम्प मीटर वायरीतून करंट वाहताना तिच्याभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते मोजतो. वायरीत व्होल्टेज आहे का नाही याच्याशी जबड्याचं काही देणंघेणं नाही. घरातल्या स्विचबोर्डचा सॉकेट घ्या, त्यात काहीच लावलेलं नाही, करंट शून्य, क्लॅम्पही शून्यच दाखवणार, पण बोट घातलं तर २३० व्होल्ट तिथे तयार उभे आहेत. तुमच्या स्टार्टरचंही तेच. ट्रिप झाला की मोटरकडे जाणारा करंट शून्य होतो पण वरच्या तीन टर्मिनलवर फेज टू फेज ४०० च्या आसपास व्होल्टेज तसंच असतं. शून्य अँपिअर म्हणजे फक्त 'आत्ता इथून कोणी करंट ओढत नाहीये', एवढाच अर्थ. आणि तुम्ही हात लावलात की ओढणारे तुम्ही होता.

आता मोटर चालू असताना शून्य का, ते. तुम्ही तिन्ही कोअर एकत्र जबड्यात घेतले. थ्री फेजमध्ये तिन्ही वायरींच्या करंटची बेरीज प्रत्येक क्षणाला शून्य होते, एकीतून जातो तो बाकीच्या दोघींतून परत येतो, त्यामुळे तिघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि मीटरला काहीच दिसत नाही. सिंगल फेजलाही तसंच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतले की शून्य. चपट्या केबलमध्ये वायरी शेजारी शेजारी असतात त्यामुळे कधी कधी ०.१, ०.२ असं काहीतरी दाखवतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. एका वेळी एकच वायर जबड्याच्या मध्यभागी आणि जबडा पूर्ण मिटलेला पाहिजे. तोंडाला माती, ग्रीस लागलं असेल आणि किंचित जरी फट राहिली तरी रीडिंग कमी येतं, म्हणून कोरड्या फडक्याने ती दोन टोकं पुसत जा.

पण तिन्ही एकत्र धरल्यावर येणारं शून्य हा एक उपयोगी प्रकार पण आहे, फक्त तुमच्या मीटरने नाही. तिन्ही वायरी धरून जर शून्य आलं नाही, तर तेवढा करंट वायरींतून परत न येता जमिनीत किंवा पाण्यात जातोय, म्हणजे लीकेज. यासाठी लीकेज क्लॅम्प वेगळा मिळतो, तो मिलिअँपिअरमध्ये मोजतो आणि महाग असतो. तुमच्या मीटरचा शेवटचा आकडा ०.१ अँपिअरचा असेल, म्हणजे १०० मिलिअँपिअर. घरात माणसाच्या संरक्षणासाठी जो आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की लाईन तोडणारा स्विच, बसवतो तो ३० मिलिअँपिअरला पडलाच पाहिजे अशी त्याची व्याख्या आहे कारण त्याच्या वरचा करंट छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकतं. आता हिशोब तुम्हीच करा, ५०-६० मिलिअँपिअर लीकेज तुमच्या मीटरला बरेचदा ०.० किंवा फारतर ०.१ दिसेल. जेवढा करंट माणूस मारायला पुरतो तेवढा त्या शून्यात लपून बसू शकतो. मीटर खोटं बोलत नाहीये, त्याला एवढं बारीक दिसतच नाही.

म्हणून 'लाईन बंद आहे का' हा प्रश्न जबड्याला विचारायचाच नाही. तो प्रश्न व्होल्टेजच्या प्रोबला, म्हणजे मीटरला लावायच्या त्या दोन टोकदार वायरींना विचारायचा, तोही ठराविक क्रमाने. आधी मीटर एसी व्होल्टवर, म्हणजे व्ही पुढे नागमोडी रेघ असते ती. ज्या ठिकाणी लाईट आहे हे पक्कं माहीत आहे तिथे मोजायचं, उदाहरणार्थ पंपघरातला चालू सॉकेट. २३० च्या आसपास आलं म्हणजे मीटर, प्रोब, सेल, रेंज सगळं ठीक. मग जिथे काम करायचंय तिथे मोजायचं, आर-वाय, वाय-बी, बी-आर (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं) आणि मग प्रत्येक फेज ते अर्थिंग, असे सहा मोजमाप, सहाच्या सहा. आणि मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर जाऊन मीटर अजून जिवंत आहे का बघायचं. हा तिसरा टप्पा लोक हमखास सोडतात. मधल्या काळात प्रोबची वायर आतून तुटली, सेल बसला, मीटर आपोआप बंद झाला तर मधलं रीडिंग शून्य आलेलं असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवून हात घालतो.

तुमच्या मीटरवर खोटं शून्य येण्याच्या अजून काही जागा आहेत. होल्डचं बटण चुकून दाबलं गेलं की आधीचा आकडा गोठतो, आणि मोटर बंद असताना दाबलं गेलं असेल तर तो आकडा शून्य असतो. मीटर डीसी व्होल्टवर राहिला आणि तुम्ही एसी मोजायला गेलात तरी शून्यासारखंच दिसतं, समोर ४०० व्होल्ट असले तरी. आणि अर्थिंगला मोजताना अर्थिंगची वायरच तुटलेली असेल, शेतात निम्म्या ठिकाणी ती तुटलेली किंवा नुसती पेटीला गुंडाळलेली असते, तर फेज टू अर्थ रीडिंग भरवशाचं नाही. म्हणून फेज टू फेज सोडायचं नाही.

उलटं पण होतं, मेन पाडल्यावरही मीटर २०, ४०, ६० व्होल्ट असं काहीतरी दाखवतो. शेजारून दुसरी चालू केबल जात असेल तर डिजिटल मीटरला असं भुताटकी व्होल्टेज दिसतं कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. काही मीटरला लो-झेड नावाचा मोड असतो, त्यात मीटर थोडा लोड टाकतो आणि असलं व्होल्टेज गळून पडतं, खरं असेल तर टिकतं. तो मोड नसेल तर ते व्होल्टेज खरंच आहे असं समजा आणि कुठून येतंय ते शोधा, 'असतंय असं' म्हणून पुढे जाऊ नका.

मीटरच्या टोकाला जो बिनस्पर्शाचा सेन्सर असतो, वायरीजवळ नेला की बीप करतो, तो लाईन 'आहे' हे सांगायला चांगला, 'नाही' हे सांगायला नालायक. आर्मर्ड केबलवर तो गप्प बसतो, डीसीवर गप्प बसतो. निऑनचा टेस्टर, तोच तो स्क्रूड्रायव्हरसारखा, त्याचंही तसंच, भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही आणि रबरी बूट घालून कोरड्या लाकडावर उभे असाल तर पुरेसा पेटत पण नाही. लाईन बंद असल्याचा पुरावा म्हणून मी या दोन्हीतलं काहीच धरत नाही.

आता शेताचं वेगळेपण, जे शहरातल्या माणसाने दिलेल्या सल्ल्यात सापडत नाही. आपल्याकडे बरेच जण लाईट गेल्यावर पेटी उघडतात, का तर लाईट नाही म्हणजे धोका नाही. मी उलट सांगतो, लाईट असताना मेन पाडून काम करा, लाईट गेलेली असताना करू नका. लाईट नाही तेव्हा तुमचा मीटर चालतोय का हे तपासायला जिवंत जागाच नसते, क्रमातला पहिला आणि तिसरा टप्पा करताच येत नाही. शिवाय लाईट कधी येईल हे तुमच्या हातात नाही. आणि तुमच्या पेटीत ऑटो स्विच असेल, बहुतेकांच्या असतोच, तर लाईट आली की तो स्वतःहून मोटर चालू करतो, तेव्हा तुमचा हात कुठेही असो. मोबाईल स्टार्टर असेल तर अजून वाईट, घरी बसलेल्या माणसाने फोन लावला की इथे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटर चालू करणारा स्विच) ओढला जातो, त्याला काय माहीत तुम्ही पान्हा घेऊन उभे आहात. थ्री फेज गेली म्हणून निर्धास्त होणारेही बघितलेत, अहो थ्री फेज गेली तरी गावाच्या सिंगल फेजसाठी लाईन चालू असू शकते, मोटर चालणार नाही पण हात लावला तर झटका पुरेपूर बसेल.

त्यामुळे क्रम असा ठेवा. ऑटो स्विच मॅन्युअलवर, मोबाईल स्टार्टर बंद, घरी सांगून ठेवा. मेन स्विचचा दांडा खाली. मग तीनही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात, बाजूच्या कट्ट्यावर ठेवायचे नाहीत कारण वाटेने येणारा कुणीतरी 'अरे फ्यूज पडलेत' म्हणून प्रामाणिकपणे परत बसवतो. नुसत्या दांड्यावर विश्वास का नाही, तर जुन्या पत्र्याच्या मेन स्विचमध्ये आतली पट्टी मोडून दांडा खाली आला तरी एखादं ब्लेड वरच अडकून राहतं, दोन फेज बंद आणि एक चालू. आणि किटकॅट काढले तरी त्याच्या वरच्या बाजूचे कॉन्टॅक्ट जिवंतच असतात हे लक्षात ठेवून बोटं लांब. यानंतर ती तीन टप्प्यांची व्होल्टेज तपासणी. पेटीत कंडेन्सर असेल तर पाच मिनिटं थांबा आणि मग त्याच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजून बघा, त्याचा डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असेल तर मेन पाडल्यावरही तो चार्ज धरून बसतो. पायात कोरडी चप्पल किंवा बूट, जमीन ओली असेल तर फळी टाकून उभे रहा, आणि पाऊस चालू असेल तर काम उद्यावर टाका.

पेटीला हात लावण्याआधी, ती पत्र्याची असेल तर, पत्रा ते जमीन व्होल्टेज मोजायची सवय लावा. लोखंडी खिळा ओल्या मातीत ठोका, एक प्रोब खिळ्याला आणि एक पेटीच्या रंग उडालेल्या जागेवर. काही व्होल्ट दिसले तर अंदाज घेता येतो, पण ५०-१०० दिसले तर तिथेच थांबा, वायरमन बोलवा. आणि डीपीचं काम, फ्यूज टाकणं, डीओ (डीपीच्या वरचे ड्रॉपआउट फ्यूज) बसवणं, ते कितीही अडचण असली तरी तुमचं नाही, १९१२ ला तक्रार द्या, लाईनमनलाच करू द्या. पाणी दोन दिवस उशिरा मिळालं तर पिकाचं नुकसान होतं हे मला पण कळतं, माझं स्वतःचं शेत आहे, तरी सांगतोय.

आता मोजायचं कसं, कारण मोजायला तर मोटर चालूच पाहिजे. इथे माझी पद्धत सांगतो, ती मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. क्लॅम्प लावायचा लाईन बंद असताना, वाचायचा लाईन चालू असताना. म्हणजे वरच्या क्रमाने सगळं बंद करून, तपासून, मग स्टार्टरच्या खालच्या बाजूने मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरी एकमेकींपासून थोड्या मोकळ्या करायच्या जेणेकरून जबडा टर्मिनलला न घासता एका वायरीवर बसेल. जबडा बसवला, बोटं मीटरच्या कडेच्या मागे, मीटरला दोरी असेल तर ती वर अडकवून, मीटर लोंबकळून टर्मिनलवर पडणार नाही असा ठेवला, पेटीचं झाकण जेवढं लोटता येईल तेवढं लोटलं, मग किटकॅट घातले, मेन वर, स्टार्ट. आकडा बघा, लिहा. बंद करा, पुन्हा तोच क्रम, पुढची वायर. होय, तीन वायरींना तीनदा बंद-चालू करावं लागतं, वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि सबमर्सिबलला दोन स्टार्टमध्ये थोडा वेळ द्यावाच लागतो म्हणून तसंही घाई करून फायदा नाही. एकदा वायरी नीट वेगळ्या करून ठेवल्या की पुढच्या वेळेला हे सोपं जातं. जबड्याने मोजताना प्रोब मीटरमधून काढून ठेवा, लोंबकळणाऱ्या दोन वायरी चालू पेटीत कशाला.

क्लॅम्पचा खरा मोठा फायदा इथेच आहे. साध्या मल्टिमीटरने करंट मोजायचा तर वायर तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, आणि प्रोब अँपिअरच्या भोकात राहिलेला असताना चुकून व्होल्टेज मोजायला गेलं की सरळ शॉर्ट, मीटर हातात फुटतो. क्लॅम्पमध्ये वायर तोडायची गरज नाही, कातडं असलेल्या वायरीवरूनच मोजतो. उघड्या बसबारवर, उघड्या तारेवर मात्र तुमचा मीटर लावू नका.

मीटरच्या दर्जाबद्दल. त्यावर कॅट २, कॅट ३ असं काही लिहिलंय का बघा, सोबत व्होल्ट. कॅट २ म्हणजे घरातल्या सॉकेटपर्यंत, कॅट ३ म्हणजे बोर्ड, पॅनेल, स्टार्टर, आणि कॅट ४ म्हणजे बाहेरून येणारी लाईन, मीटरपेटी. आकडा जसा वाढतो तसा मीटर लाईनीवरचा झटका सहन करायला जास्त बांधलेला असतो, कॅट २ चा ६०० व्होल्टचा मीटर ४००० व्होल्टच्या झटक्यावर तपासतात तर कॅट ३ चा ६०० व्होल्टचा ६००० वर. शेतातली लाईन उघड्या तारांची, वीज कडाडली किंवा लांब कुठे काही स्विच झालं की असले झटके येतात, आणि त्या क्षणी तुमच्या हातात जे आहे ते फुटायला नको. म्हणून स्टार्टरसाठी कॅट ३, ६०० व्होल्टच्या खाली मी जाणार नाही. नुसता छापलेला आकडाही पुरेसा नाही, नाव माहीत असलेल्या कंपनीचा, बिलासकट घ्या, आपल्या नाशिकमध्येच मीटर बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत. प्रोबवरही वेगळा कॅट आकडा असतो, दोघांत जो कमी तो खरा धरायचा. मीटर चांगला आणि प्रोबचं कातडं फाटलेलं, वर इन्सुलेशन टेप, असं मी कुणाकडे बघितलं की आधी प्रोब बदलायला लावतो.

अजून एक, हजार अँपिअरच्या रेंजवर ठेवून मोजू नका. बऱ्याच स्वस्त क्लॅम्पवर २०० आणि १००० अशा दोन रेंज असतात, मोठ्या रेंजवर तो पूर्ण अँपिअरमध्येच आकडा दाखवतो, तुमच्या आठ-नऊ अँपिअरच्या मोटरला तिथे काही कळणार नाही. स्टार्ट होताना करंट सहा-सात पट जातो पण तो काही सेकंदांचा, आकडा स्थिर झाल्यावर वाचा.

आता तुमच्या ट्रिपिंगकडे. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, बोअरची खोली, पाण्याची पातळी, केबलची लांबी, लाईनचं व्होल्टेज, त्यामुळे मी लांबून एकच कारण सांगणार नाही, पण आकड्यांवरून दिशा कशी काढायची ते सांगतो. थ्री फेजला एचपीला दीड अँपिअर हा चालू हिशोब, म्हणजे ५ एचपीला साडेसात. सबमर्सिबलचा त्यापेक्षा जास्त असतो म्हणून मोटरच्या नेमप्लेटवर किंवा बिलासोबतच्या कागदावर जो फुल लोड करंट लिहिलाय तोच खरा, ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की स्टार्टर ट्रिप करणारा भाग, त्याच्यावरच लावायचा. ट्रिप होतोय म्हणून रिलेचा काटा वर सरकवणारे खूप आहेत, ते मोटर जाळायचं काम आहे.

तिन्ही फेज साधारण सारखे पण तिन्ही नेमप्लेटपेक्षा जास्त, तर त्याच वेळी मोटर चालू असताना व्होल्टेज बघा. लाईनच्या टोकाला संध्याकाळी ३४०-३५० व्होल्ट मिळत असतील तर मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, दोष मोटरचा नाही. व्होल्टेज ठीक असेल तर पंपात वाळू, बुश झिजणं, असं काहीतरी जड जातंय. तिन्ही सारखे आणि कमी, तर पंप पाणी कमी उचलतोय, बोअर आटलाय का बघा.

तिन्हींत फरक असेल तर सरासरी काढा आणि सर्वात लांबचा आकडा सरासरीपासून किती टक्के दूर आहे बघा. समजा ८.०, ८.४ आणि १०.० आले. सरासरी ८.८, सर्वात लांबचा १०.०, फरक १.२, म्हणजे साधारण १४ टक्के. पाचाच्या आत असेल तर निर्धास्त, दहाच्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं. कारण लाईनचं की मोटरचं हे ओळखायची जुनी आणि पक्की पद्धत म्हणजे मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवायच्या, आरवरची वायवर, वायवरची बीवर, बीवरची आरवर. अशा गोल सरकवल्या की मोटरची फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजा. जास्तीचा करंट त्याच लाईनीच्या फेजवर राहिला तर दोष लाईनचा, डीपीचा, फ्यूजचा. आणि तो मोटरच्या वायरीसोबत सरकला तर दोष केबलचा, जॉइंटचा किंवा मोटरच्या वाइंडिंगचा, मग मोटर वर काढायचा खर्च करण्यात अर्थ आहे. विनाकारण मोटर वर काढून, पाइप खोलून, काहीच न सापडता परत सोडलेले लोक मी बरेच बघितलेत, आणि अर्ध्या तासाच्या या मोजणीने तो खर्च वाचतो. सरकवायचं काम अर्थातच सगळं बंद करून, तपासून.

एका फेजमध्ये शून्य आणि बाकी दोघींत दीड-पावणेदोन पट, तर सिंगल फेजिंग, ताबडतोब बंद करा. इथे गंमत नाही पण समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की फिरणारी मोटर तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर तिन्ही फेज जवळजवळ ठीक असल्याचं दाखवतो, आणि क्लॅम्पच खरं काय ते सांगतो. वर मी म्हटलं की लाईन बंद आहे का हे क्लॅम्प सांगू शकत नाही, आणि इथे व्होल्टमीटर फसतो. दोन्ही मोजमापं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून मी दोन्ही लिहून काढतो, नेहमी.

तुमच्या पेटीत कंडेन्सर असेल तर जबडा कुठे लावला यानेही फरक पडतो. कंडेन्सरच्या आधी, लाईनच्या बाजूला मोजलं तर आकडा कमी येतो, त्यानंतर मोटरकडे जाणाऱ्या वायरीवर मोजलं तर मोटरचा खरा करंट येतो. नेमप्लेटशी तुलना दुसऱ्याची करायची. आणि पुढे कधी मोठी मोटर, स्टार डेल्टा, सहा वायरींची झाली तर डेल्टात चालताना एका वायरीतला करंट लाईनच्या साधारण ५८ टक्केच दिसतो, कमी आला म्हणून खूश होऊ नका.

सगळे आकडे ठीक असूनही दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप होत असेल तर तुम्हाला जी वायर ढिली वाटतेय तीच कारण असू शकते, तुमचा संशय वाया नाही. रिलेच्या टर्मिनलला जोड ढिला असला की तिथे उष्णता होते, ती आतल्या बायमेटलच्या पट्टीला पोचते आणि रिलेला वाटतं मोटरच जास्त ओढतेय. काळी पडलेली, कातडं कडक झालेली वायर दिसली तर नुसती आवळून चालत नाही, तेवढा तुकडा कापून नवीन थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावा.

सोलर पंपाचंही सांगून ठेवतो कारण आता गावोगाव ते आलेत आणि हेच मीटर घेऊन लोक तिकडे जातात. पॅनेलकडून येणारा करंट डीसी असतो. तुमचा क्लॅम्प फक्त एसीचा असेल, स्वस्तातले बहुतेक तसेच, तर डीसी वायरीत दहा अँपिअर वाहत असले तरी तो शून्य दाखवणार, डीसी मोजायला हॉल सेन्सरवाला वेगळा क्लॅम्प लागतो. एकेक पॅनेल चाळीस-पन्नास व्होल्टचं, सिरीजमध्ये जोडून चारपाचशे व्होल्ट सहज होतात, आणि ऊन आहे तोवर तिथे बंद करायला डीपीच नसते. चालू लोडवर पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नका, डीसीचा जाळ एसीसारखा विझत नाही, ओढत जातो. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर.

थोडक्यात तुमच्यासाठी पुढचा क्रम असा, आज मीटर एकेका वायरीवर लावून तीन आकडे, मोटर चालू असतानाचे तीन फेज टू फेज व्होल्टेज, नेमप्लेटचा करंट, रिलेचा काटा कुठे आहे ते आणि पेटीत कंडेन्सर व ऑटो स्विच आहेत का, एवढं लिहून पाठवा. मेन पाडून, किटकॅट काढून, तपासून मगच वायर आवळा. यातलं काही करताना मेन स्विचचा दांडा घट्ट वाटला, पेटीच्या पत्र्यावर व्होल्टेज आलं किंवा सहा मोजमापांतल्या एकातही शून्याऐवजी दुसरा आकडा आला, तर तिथेच सोडा आणि परवाना असलेला वायरमन बोलवा, त्याला मोजायला अर्धा तास पुरतो. आकडे सकाळचे आणि संध्याकाळचे वेगळे द्या, लाईनच्या टोकाला असाल तर त्यात बराच फरक दिसेल आणि मला तिथूनच बरंच कळेल.